डब्यात आडवा पडलेला फोन

बंदरावर बाबांच्या फोनला सिग्नल फुल्ल, आणि होडी समुद्रात गेली की तोच फोन मुका. सगळ्याच होड्यांचं हे कोडं सोडवायला गावाने तीनदा माणसं बोलावली. तिन्ही वेळा धक्क्यावर फोन हातात उभे धरून तपासले, सगळं ठीक निघालं आणि मंडळी चहा पिऊन गेली.

२०४८ सालच्या त्या सकाळी वादळाचा इशारा आला. बाकीच्या होड्या किनाऱ्याजवळच होत्या, त्या धक्क्यावरचा भोंगा ऐकून परतल्या; लांब गेलेली बाबांची परतली नाही.

बाबांची बहीण, माझी हेमांगीआत्या, रेडिओलहरींची शास्त्रज्ञ. गावासाठी नवा अँटेना घेऊन ती आदल्याच दिवशी आली होती.

"दादा समुद्रात फोन कुठे ठेवतो गं?" तिने विचारलं.

"प्लास्टिकच्या डब्यात, आडवा. जाळं ओढताना भिजू नये म्हणून सगळेच ठेवतात."

आत्याने कपाळावर हात मारला. "हे आधी कुणी सांगितलं का नाही?"

"कुणी विचारलंच नाही."

चढ्या नावाचा तिचा यंत्रमानव नवा अँटेना पाठीवर घेऊन धक्क्यावरचा सिग्नलचा मनोरा चढू लागला. मी नुसती येरझाऱ्या घालत होते. मग आत्याने एक दोर फाटकाच्या उभ्या गजांमधून ओवला, पलीकडचं टोक खांबाला बांधलं आणि मला म्हणाली, "वरखाली हलव."

लहर गजांमधून पार गेली.

"आता डावीउजवीकडे."

लहर गजांवर आपटून तिथेच संपली.

"याला ध्रुवीकरण (लहर कोणत्या दिशेने थरथरते ते) म्हणतात. जुना अँटेना फक्त उभ्या लहरी पाठवतो. आडव्या फोनला त्या नीट पकडता येत नाहीत."

"पण घरी मी लोळत बोलते की."

"घरी भिंती असतात, झाडं असतात. त्यांच्यावर आपटून लहर थोडी आडवीही होते. उघड्या समुद्रात आपटणार कशावर? म्हणून या अँटेनात तारांच्या जोड्या आहेत, फुलीसारख्या. एक तार उजवीकडे कललेली, दुसरी डावीकडे. फोन उभा, आडवा, तिरका कसाही असो, एकीची तरी लहर त्याला पकडता येतेच."

इतकी साधी युक्ती, आणि केवढी हुशारीची! मला आत्याचा फार अभिमान वाटला.

चढ्याने शेवटचा बोल्ट आवळला. आत्याने वादळाचा इशारा बाबांच्या फोनवर पुन्हा पाठवला. आम्ही दोघी तिच्या फोनच्या पडद्याकडे टक लावून उभ्या राहिलो. बऱ्याच वेळाने बाबांचं उत्तर उमटलं : "डबा वाजला. होडी वळवली."

आत्या धक्क्यावर मटकन बसली आणि रडायला लागली.

"अजून चौदा बंदरांवर असे अँटेना बसवायचेत," ती डोळे पुसत म्हणाली. "येशील मदतीला?"

"येईन. पण आधी बाबांना येऊ दे."

दुपारी होडी किनाऱ्याला लागली, तेव्हा मी कमरेइतक्या पाण्यात उभी होते.