टोकाच्या घराची पाळी

पाहुण्यांना आमच्या जंगलातलं सगळं अस्सल हवं असतं, फक्त डास सोडून. त्यांच्यासाठी गावानं मिळून लॉज बांधला आणि घरोघरी पाळ्या लावल्या. ज्या घराची पाळी, त्यानं रांधायचं, वाढायचं, झाडायचं. टोकाच्या घरी एक म्हातारी एकटी राहायची. मूलबाळ नव्हतं, पण लॉजच्या भिंतींना तिनंही माती वाहिली होती. म्हणून ती गेल्यावर घराला कुलूप लागलं, तरी तिची पाळी आम्ही काढली नाही. त्या दिवशी लॉज बंद ठेवायचो.

हे भाऊजींना, माझ्या धाकट्या दिरांना, पटेना. स्वारी शहरात कसलंसं प्रशिक्षण घेऊन आली होती आणि तेव्हापासून गावाला ‘टीम’ म्हणायची.

“मेलेल्या बाईसाठी सुट्टी? मी पाहुणे घेतलेत. तिची पाळी मी करतो.”

“अरे, ज्याची पाळी घेशील त्या घरचा होशील,” सासूबाई म्हणाल्या.

“होईन की. अंगाला भोकं पडतात का?”

दिवेलागणीला मी शिधा घेऊन त्यांच्यासोबत निघाले, कारण या शहाण्याला साधा भात शिजवता येत नव्हता. लॉजवर ओल्या मातीचा वास सुटला होता. पाहुणे ओसरीवर हात पुसत बसले होते.

“जेवण छान होतं,” पाहुण्या बाई म्हणाल्या. ही मंडळी कशालाही छान म्हणतात. “आजींनी वाढलं. फारसं बोलल्या नाहीत... मुलगा आला की घरी पाठवा, एवढंच म्हणाल्या.”

शिधा तर अजून माझ्याच हातात होता. भाऊजी मात्र हसले. “कोण चेष्टा करतंय, बघतोच...” म्हणत टोकाच्या घराकडे गेले. मी हाका मारत राहिले. तिकडून फक्त ताट मांडल्याचा आवाज आला.

सकाळी ते धडधाकट परतले. पण तेव्हापासून आमच्याकडे घास खात नाहीत. जेवणाच्या वेळी टोकाकडे जातात आणि तोंड पुसत येतात. मी जाऊन पाहिलंय. कुलूप गंजून गच्च आहे, वर कोळ्याचं जाळं आहे.

सासूबाई अजून रोज त्यांचं ताट वाढून दारात बसतात. पोरानं एकदा तरी आपल्याकडे बघावं, एवढंच त्यांना हवं आहे. काल त्यानं बघितलं. मग माझ्याजवळ येऊन, सासूबाईंकडे बोट दाखवत हळूच विचारलं,

“वहिनी, आई विचारत होती... या आजी कोणाकडे आल्यात?”