दाराला टेकलेला तळहात

मैदानापलीकडच्या ट्रेलरच्या खिडकीच्या फटीतून एक हात बाहेर आला आणि पिवळं फडकं हलवू लागला, तेव्हा सुतारकाम शिकवणाऱ्या मास्तरला वाटलं, ती निरोप घेतेय.

शनिवारची दुपार. शाळा सुटून तास उलटला होता, आवारात चिटपाखरू नव्हतं. त्यानं हातातला रंधा बाजूला ठेवला, अंगावरचा भुसा झटकला आणि कार्यशाळेच्या दारात येऊन हात हलवला. फडकं जोरानं हललं. त्यानंही जोरानं हलवला. मग ते फडकं ट्रेलरच्या पत्र्यावर असं काही आपटू लागलं, की निरोपात एवढा राग कशाला, असा विचार करत तो मैदान ओलांडून गेला.

"दहा मिनिटं ओरडतेय मी," फटीतून ती म्हणाली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता. "आणि तुम्ही टाटा करताय?"

तो ओशाळला. ओशाळला की तो जे करायचा तेच त्यानं केलं. म्हणाला, "हो, हो."

याच सवयीपायी मुलं त्याला हो-हो मास्तर म्हणत. कुणी काहीही म्हणालं तरी तो हो म्हणे, आणि मग सहलीची जबाबदारी, बागेची जबाबदारी, सगळं त्याच्या गळ्यात पडे. भला माणूस, कुणाला नाही म्हणत नाही, असं शाळेत सगळे म्हणत. खरं कारण त्याला एकट्याला ठाऊक होतं. करवतीच्या मशीनशेजारी बारा वर्षं काढल्यावर त्याचे कान हळूहळू मिटत चालले होते. चार वर्षं तो ओठांवर भागवत होता. समोरचा माणूस समोर असला की गाडं चालायचं. माणसानं पाठ फिरवली की मात्र... हो, हो.

आणि ती तर कानच तपासायला आली होती. गाडीमागे जोडून ओढत न्यायची ती चाकांवरची खोली हेच तिचं घर आणि हाच तिचा दवाखाना. आत झोपायला फळी, चहापुरता स्टोव्ह, आणि कोपऱ्यात जाड गाद्या ठोकलेली कपाटाएवढी तपासणीची खोली. मुलं तिला कानताई म्हणत. मास्तरची जीभ मात्र ताई म्हणायला काही केल्या वळत नसे, म्हणून तो मॅडम म्हणे. आठवडाभर त्यानं तिच्या पायऱ्या नीट करून दिल्या, फळी बसवून दिली, गरज नसताना टेबलाला पाय लावून दिला. आणि तपासणीचं नाव निघालं की कार्यशाळेत डिंक उकळतोय म्हणून पळ काढला. तिच्या यादीत शिक्षकांपैकी एकाचाच रकाना कोरा होता. सोमवारी सकाळी ट्रेलर पुढच्या गावी जाणार होता. दोन दिवस निभावले की सुटलो, असं तो स्वतःला बजावत होता. आणि सुटलो म्हणता म्हणता पुन्हा तिच्या पायऱ्यांकडे बघत होता.

आता ती आत होती आणि दार उघडत नव्हतं. तिचा फोन मोठ्या बाईंच्या ऑफिसात राहिला होता, आणि ऑफिसला टाळं.

त्यानं दार ओढून पाहिलं. जागचं हललं नाही. खाली वाकून पाहिलं, तर रात्रीच्या पावसानं भुसभुशीत झालेल्या मातीत ट्रेलरचा एक पाय रुतला होता. सगळा सांगाडा तिरका झाला होता आणि दार चौकटीत आवळून बसलं होतं. त्याला हायसं वाटलं. लाकडाचं असो की पत्र्याचं, दार म्हणजे त्याच्या घरचं माणूस. त्यानं कार्यशाळेतून पाचर आणली, दाराखाली ठोकली, दार केसभर वर उचललं. तरी उघडेना. म्हणजे कुलपाच्या आतही काहीतरी निसटलं होतं.

इथून खरी पंचाईत सुरू झाली. खिडकी ट्रेलरच्या मागच्या अंगाला, दार पुढच्या. दाराशी उभं राहिलं की ती आतून बोलतेय एवढं कळायचं. काय बोलतेय ते नाही. दाराला कुठले ओठ? म्हणून तो दर वेळी धावत खिडकीशी जायचा, ती काय म्हणते ते बघायचा, धावत दाराशी यायचा. तिनं यंत्राचा बारका स्क्रूड्रायव्हर घेऊन कुलपाची आतली पट्टी काढली होती. कुलपाची जीभ तिला स्क्रूड्रायव्हरनं मागे ढकलता येत होती, पण क्षणभरच, लगेच निसटायची. तेवढ्या क्षणात बाहेरून ओढलं पाहिजे. ती आतून 'आता' म्हणायची आणि बाहेर मास्तर शांतपणे दाराकडे बघत उभा असायचा.

पाचव्या फेरीला तो खिडकीशी आला तेव्हा ती फटीपाशी थांबून होती. त्याच्याकडे बघत राहिली. धापा टाकणाऱ्या त्याच्या चेहऱ्याकडे, मग स्वतःच्या ओठांवर खिळलेल्या त्याच्या नजरेकडे. कळलं हिला, असं त्याला वाटलं. इतकी वर्षं झाकलेलं भांडं फुटलं, आणि तेही हिच्यासमोर.

पण ती एवढंच म्हणाली, सावकाश, चेहरा फटीजवळ आणून: "असं करू. तळहात दारावर टेकवून ठेवा. मी एकदा ठोकलं की ओढा. दोनदा ठोकलं की थांबा."

त्याचे डोळे भरून आले. त्यानं पटकन खाली बघितलं.

"आणि मास्तर... जरा लवकर होईल का?" तिचा आवाज कसा होता कोण जाणे, पण तिचे ओठ कापत होते. "बंद जागेत मला नाही जमत. हसू नका. म्हणूनच माझं दार कायम किलकिलं असतं. आज ट्रेलर कलला आणि ते आपसूक लागलं."

तो हसला नाही. दाराशी गेला, डावा तळहात पत्र्यावर टेकवला, उजव्या हातानं दाराची मूठ धरली. एक ठोका आला. ओढलं; उशीर झाला. पुन्हा एक, पुन्हा निसटलं. मग एक, की दोन, की तीन, कळेचना. तळहाताखाली पत्रा नुसता थरथरत होता. तिचे हात थरथरताहेत, हे त्याला त्या पत्र्यानं सांगितलं.

तिला धीर द्यायला हवा होता. ती त्याला ऐकू शकत होती. बोलायचं तर त्यालाच होतं. आणि बोलायला त्याच्याजवळ, चार वर्षं लपवलेली एक गोष्ट सोडली, तर दुसरं होतंच काय?

"मॅडम," तो दाराला म्हणाला, "मला नीट ऐकू येत नाही. तुम्हाला कळलंच आहे. मोठ्या बाईंना नाही कळलं. गेल्या वर्षी त्या काहीतरी म्हणाल्या, मी हो म्हटलं... आणि गाण्याच्या स्पर्धेला परीक्षक म्हणून जाऊन बसलो."

पत्रा थरथरायचा थांबला.

"सतरा मुली गायल्या. मी काय करणार? जिचं तोंड सगळ्यात मोठं उघडत होतं, तिला पहिला नंबर दिला. नंतर समजलं, ती गाणं विसरली होती आणि मध्येच जांभया देत होती."

आणि मग त्याच्या तळहाताला काहीतरी कळलं. बारीक बारीक लाटांसारखं, थांबून थांबून पुन्हा येणारं. ती दाराला टेकून हसत होती. हसणं हातालाही कळतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याला वाटलं, हे दार असंच अडकून राहिलं तरी आपली काही तक्रार नाही. लगेच तो स्वतःवरच चिडला.

एक ठोका आला. ठाम, सरळ. त्यानं ओढलं.

दार उघडलं आणि ती दोन पायऱ्या एकदम उतरून ओल्या मातीत उभी राहिली. कितीतरी वेळ नुसती श्वास घेत राहिली. मग म्हणाली, तुमचे उपकार कसे फेडू. तो म्हणाला, उपकार तुम्हीच केलेत. त्यावर तिनं मान हलवली, यानंही हलवली, आणि हा वाद तिथेच राहिला.

कुलूप त्यानं तासाभरात दुरुस्त केलं. रुतलेल्या पायाखाली जाड फळी सरकवली. मग हात पुसत, तिच्याकडे न बघता विचारलं, "तो रकाना... अजून कोराच आहे का?"

तपासणीनंतर तिनं आलेख त्याच्यासमोर ठेवला. डावा कान बराच गेला होता, उजवा निम्मा. त्याला आकड्यांचं भय नव्हतं. त्याच्या बाबांना असंच झालं होतं. आधी घरातले त्यांच्याशी मोठ्यानं बोलत, मग थोडक्यात, मग बोलेनासेच झाले. शेवटची सहा वर्षं बाबा कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून सगळ्यांची तोंडं हलताना बघत होते.

"माझंही तसंच होईल?" हे तिला सांगून झाल्यावर त्यानं विचारलं.

"त्यांना कुणी माझ्याकडे आणलं नव्हतं," ती म्हणाली. "तुम्ही स्वतः आलात. जरा उशिरानं, डिंक उकळून झाल्यावर... पण आलात."

तिनं ट्रे काढला, एक छोटं यंत्र त्याच्या उजव्या कानात बसवलं, मग दुसरं डाव्या. बटणं फिरवली. आणि ती त्याच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली.

तो सवयीनं वळायला गेला. तिनं खांद्यावर हात ठेवून थांबवलं.

"वळायचं नाही. मी म्हणेन ते म्हणायचं."

तिचा आवाज! आठवडाभर त्यानं तिचे ओठ पाहिले होते. आवाज आज भेटत होता. थोडा घोगरा होता. त्यानं कल्पना केली होती त्याहून कितीतरी बरा.

"माती," ती म्हणाली.

"माती."

"खिडकी."

"खिडकी."

"फळी." तो म्हणाला, फळी. "पाचर." तो म्हणाला, पाचर. मग ती थांबली. छपरावर झाडावरून थेंब पडले, ते त्यानं ऐकले. तिच्या बांगडीचा आवाज झाला, तोही ऐकला.

"तुम्ही... मला आवडता," ती म्हणाली. आवाज अगदी लहान झाला होता.



"तुम्ही मला आवडता," तो म्हणाला.

"हे नुसतं परत म्हटलंत का?"

"ऐकलं तुमचं," तो म्हणाला. "म्हटलं माझं."

पाठीमागून काहीच आलं नाही. बराच वेळ. ती काही बोलत नव्हती. आणि ती खरंच काही बोलत नाहीये, हे चार वर्षांत पहिल्यांदाच त्याला न वळता कळत होतं.