भीतीची वाटेकरीण

त्या काळात कॅन्सरचा रिपोर्ट एकट्या माणसाला द्यायला बंदी आली होती. कारण साधं होतं. डॉक्टरांच्या तोंडून तो एक शब्द बाहेर पडला की पुढचं पेशंटला ऐकूच येत नसे. गाठ लहान आहे, वेळेत सापडली आहे, बरं व्हाल, हे सगळं डॉक्टर भिंतीला सांगत बसायचे. पेशंट मात्र घरी जाऊन शेजाऱ्याच्या मेव्हण्यानं सुचवलेला पाला वाटून प्यायचा. म्हणून भयवाटप आलं. रिपोर्ट ऐकण्याआधी पेशंटच्या डोक्यातली निम्मी भीती काढायची आणि दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यात ठेवायची. ती सांभाळणाऱ्याला वाटेकरी म्हणत. मिरजेच्या तपासणी केंद्राच्या दारावर पाटीच होती: ‘वाटेकरी सोबत आणावा. चपला बाहेर काढाव्यात.’

हेमांगी मगदूमनं आधी नवऱ्यालाच नेलं होतं. अभिनंदनच्या डोक्याला पट्टा लावला, तर त्याचं भयमान, म्हणजे भीती मोजायचा आकडा, हेमांगीपेक्षा जास्त निघालं.

“यांच्यात जागा नाही,” नर्स म्हणाली. “यांनाच वाटेकरी लागेल.”

अभिनंदन बाहेरच्या बाकावर जाऊन बसला. हेमांगीनं तबस्सुमला फोन लावला.

तबस्सुम सतारमेकरचं दुकान तिथून हाकेच्या अंतरावर. बापाच्या मागं सतारी-तंबोरे तीच बनवायची. हेमांगी आणि ती शाळेपासूनच्या मैत्रिणी. पुढं हेमांगी लग्न होऊन जयसिंगपूरला गेली आणि तिनं भडंगाचं दुकान काढलं. तबस्सुमच्या गळ्यात कुणी पडलं नाही आणि तिनंही कुणाला ओढलं नाही.

“रिकामी आहेस काय?” हेमांगीनं विचारलं.

“तंबोऱ्याला तारा चढवतेय. का?”

“तू नव्हे गं. डोकं रिकामं आहे काय तुझं?”

“ते कायमच.”

“मग ये की,” हेमांगी म्हणाली. तबस्सुम तार तशीच लोंबकळत ठेवून निघाली.

डाव्या काखेच्या जरा खाली वाटाण्याएवढी गाठ लागली, तेव्हापासून हेमांगीचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. भडंगात मीठ दोनदा पडत होतं. गिऱ्हाइकं ते मुकाट्यानं खात होती, कारण बातमी त्यांनाही कळली होती. सुईनं गाठीतला तुकडा काढून झाला होता. त्याचा निकाल आता आतल्या खोलीत एका बंद पाकिटात होता.

केंद्राच्या शास्त्रज्ञ डॉ. वसुमती देवस्थळी दोघींसमोर बसल्या आणि त्यांनी टेबलावर मेंदूचा प्लास्टिकचा नमुना ठेवला.

“भीती तयार होते ती इथं. बदामाएवढी गाठ असते ही.”

“अजून एक गाठ,” हेमांगी म्हणाली.

“ही सगळ्यांना असते. घाबरलं की इथल्या पेशी एका ठरावीक लयीत धडधडतात. तीच लय आम्ही दुसऱ्याच्या मेंदूत जागवतो. तुम्ही सतारवाल्या ना? मुख्य तार छेडली की खालच्या तरफेच्या तारा आपोआप वाजतात, तसंच.”

“पण तरफ वाजली म्हणून मुख्य तार गप्प होत नाही,” तबस्सुम म्हणाली.

“म्हणून आम्ही तिच्यावर बोट ठेवतो.”

“मग नुसतं बोटच ठेवा की. मला कशाला वाजवताय?”

डॉक्टर हसल्या. हा प्रश्न त्यांना नेहमीचा असावा. “करून पाहिलं. भीती जागच्या जागी दाबली तर आठवड्यात दामदुपटीनं उसळते. दुसऱ्या कुणी धरून ठेवली तर उसळत नाही. का, ते आम्हालाही अजून नीट कळलेलं नाही. तान्हं मूल खाली ठेवलं की रडतं, कडेवर घेतलं की गप्प बसतं, तसं काहीतरी.”

“तिला त्रास होईल?” हेमांगीनं विचारलं.

“निम्मीच द्यायची असते. रिपोर्ट समजला, उपचार ठरले की परत घ्यायची. एक मात्र आहे. वाटेकऱ्यानं मध्ये बोलायचं नाही, लय मोडते. यंत्राला हुकूम भीती देणाऱ्यानं द्यायचा, तोंडानं. कुणाची भीती जबरदस्तीनं काढू नये, असा कायदा आहे.”

दोघींना दोन खुर्च्यांवर बसवलं. डोक्याला पट्टे लागले. हेमांगीनं शिकवल्याप्रमाणे म्हटलं, “मी भीती वाटते.”

तबस्सुमला आधी काहीच झालं नाही. मग जिन्यात शेवटची पायरी चुकावी तसं पोटात झालं, आणि पाय टेकायला खालची जमीन काही आलीच नाही. छताचा पांढरा रंग फार पांढरा वाटायला लागला. आणि डोक्यात एक विचार आला, स्वच्छ, स्वतःचाच असावा असा: माझ्या पोरीच्या वेण्या कोण घालणार? तबस्सुमला पोर नव्हती.

यंत्र थांबलं. निम्मं झालं होतं.

“कसं काय हेमांगीताई?” डॉक्टरांनी काचेपलीकडून विचारलं.

हेमांगीनं खरं ते सांगितलं. “अजून भीती वाटते.”

यंत्र पुन्हा सुरू झालं.

या वेळी तबस्सुमला पाल आठवली. मग बंद पडलेली लिफ्ट. मग हेमांगीच्या सासूबाई, ज्यांच्या मांडीला मांडी लावून तिनं कितीदा मटकीची उसळ खाल्ली होती. त्यांचा चेहरा नजरेसमोर येताच तिनं बसल्या जागी ओढणी सारखी केली. ओरडावंसं वाटत होतं, पण बोलायचं नाही असं बजावलेलं. आपण बोललो आणि हिच्या मेंदूचं काही झालं तर? हा विचारही बहुधा हेमांगीचाच होता.

“आता?”

“थोडी अजून वाटते.”

मग तळातलं आलं. त्यात पाल नव्हती, सासू नव्हती, पोरगीही नव्हती. एक खोली होती, तिच्यात रोजच्यासारखं ऊन आलं होतं आणि त्या खोलीत आपण नव्हतो. तबस्सुमनं खुर्चीचे हात इतके घट्ट धरले की एक निखळून तिच्या मांडीवर पडला.

“आता नाही वाटत,” हेमांगी म्हणाली. “काहीच नाही. छान आहे हो हे.”

डॉक्टर धावत आत आल्या. आकडे बघितले. मग रेकॉर्डिंग ऐकलं, पुन्हा ऐकलं आणि मटकन खाली बसल्या.

“पुरुष भीती वाटायला निघाला की म्हणतो, ‘मी वाटतो’. घाबरला असेल तर म्हणतो, ‘मला वाटते’. यंत्राला दोन्हींतला फरक कळतो. बाई मात्र दोन्ही वेळा ‘वाटते’च म्हणते. तुम्ही ‘अजून वाटते’ म्हणालात, यंत्रानं अजून वाटली.”

“हे आधी लक्षात नाही आलं तुमच्या?” तबस्सुमचे दात वाजत होते.

“सगळ्या चाचण्या तोंडाच्या कॅन्सरवाल्यांवर झाल्या. तंबाखू खाणारे. सगळे पुरुषच होते.” डॉक्टर प्लास्टिकच्या मेंदूकडे बघत राहिल्या. “यांच्याआधी इथं एकही बाई आलेली नाही.”

“म्हणजे मी खरं बोलले आणि माझा फायदा झाला,” हेमांगी म्हणाली. “आयुष्यात पहिल्यांदा.”

“परत द्या तिची तिला,” तबस्सुम म्हणाली. “निम्मी तरी.”

“तिनं मनापासून मागितली तरच जाईल. हे दार आतून उघडतं.” डॉक्टर हेमांगीकडे वळल्या. “हेमांगीताई, भीती परत हवी ना तुम्हाला?”

हेमांगीनं प्रामाणिकपणे विचार केला. “कशाला?” तिनं विचारलं.

त्या प्रश्नाला पटेल असं एकच उत्तर होतं, आणि ते भ्यालेल्या माणसालाच पटतं.

पाकीट उघडलं. गाठ कॅन्सरची होती.

“बरं,” हेमांगी म्हणाली.

“लहान आहे. लगेच काढली तर तुम्ही बऱ्या व्हाल, हे मी जवळजवळ खात्रीनं सांगते. पण लगेच.”

हेमांगीला शब्दन् शब्द ऐकू आला. तिनं तो नीट म्हणूनही दाखवला. ज्यासाठी यंत्र बनवलं होतं, ते काम त्यानं चोख केलं होतं. मग ती म्हणाली, “तर दिवाळीनंतर काढू. आता सीझन आहे भडंगाचा.”

“दिवाळीपर्यंत ती लहान राहणार नाही.”

“मग मोठी काढू.”

तबस्सुमच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून बाहेरच्या बाकावरचा अभिनंदन उठून उभा राहिला आणि पुन्हा बसला.

रस्त्यावर आल्यावर हेमांगी सरळ चालत सुटली. उसाची ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर कचकन थांबला. ड्रायव्हरनं तिच्या सात पिढ्यांची चौकशी केली.

“हेमे!” तबस्सुमनं तिला दंडाला धरून मागं ओढलं.

“थांबला की तो.”

“नसता थांबला तर?”

“पण थांबला की,” हेमांगी म्हणाली. तिला तबस्सुमचा मुद्दा खरंच कळत नव्हता. रंगांधळ्याला लाल दिवा दाखवावा तशी ती मैत्रिणीच्या चेहऱ्याकडे निरखून बघत होती. “तबे, थरथरतेयस तू.”

“ही तुझी थरथर आहे.”

“मग ठेव की तुलाच. मला नको झालीय ती. इतके दिवस झोप नव्हती गं मला. डोळा लागला की तिरडीच दिसायची. आता कसं गार वाटतंय.”

“गार वाटतंय कारण तुला काही कळत नाहीये. मरशील तू.”

“सगळेच मरतात.” हे ती तत्त्वज्ञान म्हणून सांगत नव्हती. बसचा नंबर सांगावा तसं सांगत होती.

तबस्सुमनं सगळं करून पाहिलं. पोरीचं नाव काढलं. “तिच्या वेण्या तू घाल,” हेमांगी म्हणाली, “तुझा हात हलका आहे.” सासूबाईंची शपथ घातली, आणि ते नाव घेताना स्वतःच दचकली. शिव्या दिल्या. शेवटी शब्द संपले तेव्हा ती रसवंतीगृहाच्या कट्ट्यावर बसली आणि चारचौघांत हुंदके देऊन रडायला लागली. तिच्या स्वतःच्या वाट्याचं दुःख त्यात होतंच, पण कुठं तिचं संपत होतं आणि कुठं हेमांगीचं सुरू होत होतं, ते तिला सांगता आलं नसतं.

हेमांगी तिच्याशेजारी बसली. बराच वेळ पाठीवरून हात फिरवत राहिली.

“एवढा त्रास होतोय तुला?”

तबस्सुमनं मान डोलावली.

“मग काढून टाकू या बाई गाठ. मला काय, नुसतं पडायचंच तर आहे टेबलावर. तुला असं बघवत नाही.”

आणि शेजारणीला दळण आणून द्यायला निघावं तशी ती कॅन्सरच्या ऑपरेशनला निघाली. संमतीपत्रावर तिनं न वाचता सही केली. सर्जनना विचारलं, कापलेली गाठ बघायला मिळेल काय. भूल चढेपर्यंत ती भडंगात लसूण कधी घालावा हे नर्सला समजावत होती. बाहेर अभिनंदन बाकावर डोळे मिटून बसला होता, आणि तबस्सुम बाथरूममध्ये ओकत होती.

गाठ निघाली. पूर्ण निघाली, असं सर्जन म्हणाले. मात्र पुढची काही वर्षं लक्ष ठेवावं लागणार होतं. गोळ्या न चुकता घ्यायच्या, तपासणीला न चुकता यायचं, आणि रोज स्वतःच्या हातानं चाचपून बघायचं.

मग डॉ. देवस्थळींनी तबस्सुमला एकटीला बोलावलं.

“तुमच्यावर अन्याय झालाय. पण सुटका आहे. ही भीती तुमच्या मेंदूत रुजलेली नाही, नुसती ठेवलेली आहे. आम्ही ती विझवू शकतो. पुन्हा उसळणार नाही. कायमची जाईल.”

“आणि हेमाला परत?”

“परत द्यायला मग काही उरणारच नाही.”

तबस्सुम प्लास्टिकच्या मेंदूकडे बघत राहिली. “म्हणजे तिच्यासाठी घाबरणारं कुणी राहणार नाही.”

“तिचे मिस्टर आहेत की.”

“ते घाबरले की बसतात,” तबस्सुम म्हणाली. “कुणीतरी उठायला पाहिजे.”

डॉक्टरांनी प्लास्टिकचा मेंदू उचलून कपाटात ठेवला.

“राहू दे मग ती माझ्याकडेच,” तबस्सुम म्हणाली, आणि चपला घालून निघाली.

त्यानंतर रोज सकाळी जाग आली की तिचा हात आधी स्वतःच्या डाव्या काखेखाली जायचा. तिथं काही नसायचं. कधीच नव्हतं. पण काही लागलं नाही म्हणून सुटकाही वाटायची नाही, कारण ज्या अंगाची भीती होती ते दुसऱ्या गावात होतं. मग ती जयसिंगपूरला फोन लावायची.

“गोळी घेतलीस?”

“घेतली.”

“चाचपून बघितलंस?”

“थांब, बघते.”

फोन बहुधा फळीवर ठेवलेला असायचा. पलीकडून कढईत झारा फिरल्याचा आवाज यायचा. मग कुणाला तरी पिशवी भरून दिल्याचा, दोन्ही हातांनी गाठ मारल्याचा. झारा पुन्हा फिरायला लागायचा.

“बघितलं,” हेमांगी आनंदानं सांगायची. “काही नाहीये.”