आमची चूक झाली

दुपारी अडीचच्या सुमारास अग्रलेखकार वर्तमानपत्राच्या तळघरात उतरले. काम साधंच होतं. निवृत्तीला सहा महिने झाले होते, निवडक अग्रलेखांचं पुस्तक निघायचं होतं आणि त्यासाठी जुने अंक चाळायचे होते.

एकतीस वर्षं ते एकाच सुरात लिहीत आले. संप नको, सवलती नकोत. घरात वडीलधाऱ्यांचा शब्द आणि रस्त्यावर कायद्याचा धाक. लेक चिडवायची, "बाबा, घड्याळ उजवीकडे फिरतं म्हणूनच तुम्ही ते मनगटावर बांधता!" ते हसत, पण लिहिलेला शब्द कधी मागे घेत नसत.

संदर्भ विभागाच्या बाईंनी अंकांचे बांधीव गठ्ठे टेबलावर ठेवले आणि त्या कपाटांपलीकडे आपल्या जागी जाऊन बसल्या. खाली ओलसर कागदाचा आणि खळीचा वास कोंडला होता. डोक्यावरची ट्यूब गुणगुणत होती.

त्यांनी संपावरचा आपला गाजलेला अग्रलेख काढला. चौथं पान. मथळा होता, 'आमची चूक झाली'.

असा मथळा त्यांनी जन्मात दिला नव्हता. पण खालची भाषा त्यांचीच, वाक्यांची ठेवणही त्यांचीच. विषय होता शाळेचा पहारेकरी.

शाळेला आग लागून तीन मुलं दगावली, तेव्हा ती लावल्याच्या आरोपावरून त्या पहारेकऱ्याला फाशीची शिक्षा झाली होती. त्याला दया दाखवू नका म्हणून अग्रलेखकारांनी ओळीने तीन अग्रलेख लिहिले. अंगठा उठवून त्याने केलेला दयेचा अर्ज फेटाळला गेला आणि तो फासावर गेला. दोन वर्षांनी भलत्याच माणसाने गुन्हा कबूल केला. "दोन ओळी लिहिता का?" संपादकांनी विचारलं होतं. "लोकांचा कायद्यावरचा विश्वास उडेल," असं म्हणून अग्रलेखकारांनी त्या दिवशी संपावर लिहिलं होतं.

त्यांनी पुढचा अंक उलटला. 'आमची चूक झाली'. त्याच्या पुढचा... तेच. दुसरा गठ्ठा ओढला, तिसरा ओढला. वर्षं बदलत होती, पहिल्या पानावरची सरकारं बदलत होती, चौथं पान मात्र तेच. साऱ्या हयातीत जणू त्यांनी दुसरं काही लिहिलंच नव्हतं.

"बाई... जरा इकडे येता?"

बाई आल्या. चष्मा सावरून त्यांनी पान पाहिलं. "हा ना? संपावरचा. काय झोडपलं होतंत हो तुम्ही!"

"नीट वाचा..."

"वाचलं की. साहेब, तुम्हाला बरं वाटत नाहीये का?"

त्या पाणी आणायला वळल्या. तेवढ्यात मागच्या अंधाऱ्या रांगेतून करपल्याचा वास आला आणि अगदी कानाशी कुणीतरी हलकेच खाकरलं. दारात ताटकळलेला माणूस साहेबांचं लक्ष वेधायला खाकरतो, तसं. मागे वळून बघायचा त्यांना धीर झाला नाही.

"लिहितो," ते पुटपुटले. "लिहितो मी... थांबा."

खिशातलं बॉलपेन काढून कोऱ्या कागदावर त्यांनी लिहायला घेतलं. एकेक शब्द न अडखळता उतरत गेला. अखेरचा पूर्णविराम पडला आणि वास विरला. भीतभीत त्यांनी गठ्ठा उघडला. चौथ्या पानावर संप होता. पुढच्या अंकात अर्थसंकल्प. त्यांना रडूच फुटलं.

बाई पेला घेऊन आल्या, तेव्हा त्यांनी कागद पुढे केला. "हे वर संपादकांना द्या. उद्याच छापा म्हणावं. फार उशीर झालाय."

बाईंनी उभ्या उभ्या वाचलं. त्यांचा चेहरा हळवा झाला. मग नजर कागदाच्या तळाशी अडखळली.

"साहेब, सहीच्या जागी हा अंगठा कुणाचा?"

निळा, ठसठशीत अंगठा. शाई अजून ओली होती.

अग्रलेखकारांनी दोन्ही हात दिव्याखाली धरले. अंगठे कोरडे होते, स्वच्छ होते.