दोन वर्षांचा अनुभव

धाकटीला नोकरी हवी होती, आणि ती घरात बसूनच करता येईल अशी हवी होती. यात हौसमौज काही नव्हती. आईचं खुब्याचं हाड मोडल्यापासून तिला उठवायला, बसवायला, न्हाणीघरापर्यंत न्यायला घरात दुसरं कुणी नव्हतं. थोरली लग्न होऊन लांब गेलेली. धाकटीच्या पदरात अनुभव म्हणाल तर चार महिन्यांचा, तोही कुरिअरच्या दुकानात पाकिटांवरचे पत्ते ताडून बघण्याचा. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही, हे कोडं ज्यानं घातलं त्याला एकदा असले अर्ज भरायला बसवलं पाहिजे.

एकेचाळीस ठिकाणांहून नकार आल्यावर मावसभावानं फोनवर अक्कल शिकवली. चार महिन्यांची दोन वर्षं कर म्हणाला, कोण बघायला येतंय? धाकटी थापा मारण्यात कच्ची, पण अडला हरी. तिनं अर्जात एक ऑफिस रचलं. त्या ऑफिसात वरिष्ठ म्हणून एक बाई बसवली, तिला नाव दिलं, वय दिलं, आणि मनातल्या मनात तिला 'मोठ्या बाई' म्हणायला लागली. चौकशीसाठी फोन नंबर मागितला होता. तिथं तिनं घरातलाच जुना नंबर टाकला, सहा वर्षांपूर्वी कापून टाकलेला. लागणारच नाही तर उचलणार कोण?

आठवड्यानं कंपनीतल्या अधिकाऱ्याचा फोन आला. घरून काम, याद्यांमधले पत्ते तपासायचे, सोमवारी दहाला सुरुवात. तिला रडूच आलं. मग तो सहज म्हणाला, की तुमच्या आधीच्या बाई फार आपुलकीनं बोलल्या. चांगला अर्धा तास.

काय म्हणाल्या, धाकटीनं कसंबसं विचारलं.

काम करताना गुणगुणते म्हणाल्या. अडली की पेन्सिल चावते. आणि आईला फार जपते.

एकही गोष्ट खोटी नव्हती. आणि एकही तिनं अर्जात लिहिलेली नव्हती.

दोन रात्री तिचा डोळा लागला नाही. खरं सांगून टाकावं तर हातातली नोकरी जाणार, आणि मग आईला कुणाच्या भरवशावर टाकून बाहेर पडायचं? नंबर चुकून दुसरीकडे लागला असेल, कुणीतरी चेष्टा केली असेल, अशी तिनं मनाची समजूत घातली. आईला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती खुशीत होती. घरून काम म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणंच की, म्हणून पोरीला चिडवत होती.

सोमवारी सकाळी तिनं आईला पलंगावरच चहा दिला, बाहेरच्या दाराला कडी घातली आणि आतल्या खोलीत जाऊन बसली. लख्ख ऊन पडलेलं. दहा वाजले आणि मोबाइल वाजला. पडद्यावर तो जुना नंबर होता.

तिनं उचलून कानाला लावला. पलीकडे मोठ्या खोलीत असतो तसा घुमारा होता, आणि कागद उलटल्याचे आवाज, एकसारखे... पुष्कळ माणसं एकाच वेळी कागद उलटत असावीत तसे.

"मी तुझ्यासाठी शब्द टाकला," एक बाई म्हणाली. आवाज मायेचा होता. "दोन वर्षं सांगितली मी त्यांना. आता ती भरायला हवीत."

"बाई... ते ऑफिस नाहीये. मी मनानं लिहिलं होतं."

"ठाऊक आहे. तू लिहिलंस तेव्हापासून इथं दिवे लागले. तुझी खुर्चीही मांडून ठेवलीय."

"मला नाही येता यायचं." धाकटी म्हणाली. "आईजवळ कुणी नाही."

पलीकडे कागद थांबले. सगळे एकदम.

"तिची सोय केलीय गं," बाई म्हणाली, आणि फोन बंद झाला.

धाकटी उठून धावली. दाराची कडी तशीच लागलेली होती. आई खुर्चीत ताठ बसली होती. तिला पलंगावरून खुर्चीत घ्यायला धाकटीला रोज घाम फुटायचा. आईचे केस विंचरून घट्ट वेणी घातलेली होती, आणि ती कित्येक महिन्यांत दिसली नव्हती इतकी शांत दिसत होती.

"किती चांगल्या आहेत गं तुझ्या बाई," आई म्हणाली. "म्हणाल्या, पोरीला बिनघोर पाठवा, दोन वर्षं मी आहे इथं. तू नीघ आता... उशीर नको करू."

"आई, कुठं आहेत त्या?"

आईनं स्वयंपाकघराकडे मान वळवली. आत नळ सुरू होता आणि कुणीतरी कपबशी विसळत होतं, अगदी सावकाश, गुणगुणत. सूर धाकटीचा होता.