न भिजलेली पट्टी

"मालूच्या पाठवणीला तू पुढं यायचं नाय!"

मनुबाईंनी हळकुंडांचं सूप खाली आपटलं आणि ओटीवर जमलेल्या बायकांसमोर सुनेला बजावलं, "माझ्या कान्हाच्या मयताला जिच्या डोळ्यांतून थेंब गळला नाय, ती लेकीला काय निरोप देनार? असला अपशकुन नको मना."

शेवंतीने मान खाली घातली. कन्यादान दीर-जाऊ करणार होते, विधवेला मांडवात दुसरा मान नव्हता. लेकीला एकदा उराशी धरून निरोप द्यायचा, एवढंच काय ते तिचं होतं... आणि आता तेही गेलं!

नऊ वर्षांपूर्वी कळव्याच्या खाडीत होडी उलटली आणि कान्हा गेला. काठावर बायका ऊर बडवत होत्या, आणि शेवंती मात्र लाल, जळजळत्या डोळ्यांनी खांबासारखी उभी होती. त्या दिवसापासून ती 'कोरड्या काळजाची' ठरली. मोहने गावातल्या माहेराहून भाऊ किती वेळा न्यायला आला, पण डोळ्यांनी अधू होत चाललेल्या सासूला सोडून ती गेली नाही. डोक्यावर मासळीची पाटी घेऊन ठाण्याचा बाजार केला, मालूला शिकवलं, सासूचे टोमणे मुकाट गिळले. कारण सगळ्यांत भयंकर गोष्ट तिने कुणालाच सांगितली नव्हती : तिला स्वतःलाच ते खरं वाटू लागलं होतं! कान्हावर आपली माया नव्हतीच का? मग का नाही आलं रडू?

दुसऱ्या दिवशी ती सासूचा मोतीबिंदू दाखवायला तिला ठाण्याच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी मनुबाईंना तपासलं आणि मान वर करून शेवंतीकडे पाहिलं.

"तुमचे डोळे किती दिवस असे आहेत?"

"लालच असतात, बाई."

"रेती गेल्यासारखं खुपतं? तोंडही कोरडं पडतं?"

शेवंती चपापली. हे हिला कुणी सांगितलं?

"मंगळवारी सासूबाईंना पुन्हा आणाल, तेव्हा तुम्हालाही तपासते. पापणीत कागदाची पट्टी अडकवू, पाणी किती येतं ते कळेल. जमलं तर एखादा थेंब मुंबईच्या प्रयोगशाळेत पाठवू. अश्रूंतून सूज ओळखता येते का, याचा तिथं अभ्यास चाललाय."

मंगळवारपर्यंत शेवंतीला अन्न गोड लागलं नाही. ती पट्टी तिला साक्षीदारासारखी दिसू लागली. कोरडी निघाली तर? सासूच्या देखत, डॉक्टरांच्या हातून निकाल लागणार!... मंगळवारी दवाखान्याच्या व्हरांड्यात तिने सासूकडे पाठ केली, कमरेच्या पिशवीतून कापलेला कांदा काढला आणि दोन्ही डोळ्यांवर कचकचून चोळला.

"हा वास कसला?" डॉक्टरीणबाईंनी पट्टी हातात धरून विचारलं. "कांदा? अहो, ओढून आणलेलं पाणी तपासून काय कळणार मला?"

"सोंगं!" मनुबाई फणकारल्या. "इथंपन सोंगं!"

आणि इतकी वर्षं दाबलेला बांध फुटला.

"काय करू मग, आई? पट्टी कोरडी निघाली असती तर तुम्हीच म्हटलं असतं ना, बघा, डॉक्टरनीपन सांगितलं हिचं काळीज कोरडं! कांद्यानंपन पानी येत नाय हो... कांद्यानंपन येत नाय!"

मनुबाईंनी डोळे बारीक करून, अगदी जवळून तिच्याकडे पाहिलं. सून हुंदके देत होती, खांदे गदगदत होते, नाक लाल झालं होतं... आणि गालावर ओलही नव्हती. म्हातारी पदराचं टोक चुरगाळत राहिली.

डोळे धुऊन, दुपारपर्यंत थांबवून डॉक्टरीणबाईंनी पट्टी लावली. तिची कडा तेवढी जेमतेम भिजली. केसासारख्या बारीक काचनळीत एक थेंब कसाबसा धरला गेला.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात निकाल आला. "सूज आली की शरीरात जी द्रव्यं वाढतात, ती तुमच्या अश्रूंत भरपूर सापडली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "डोळ्यांची तपासणीही तेच सांगते. अश्रूंच्या ग्रंथी आजारी आहेत. हा रोग आहे, स्वभाव नव्हे."

"कधीपासून, बाई?" शेवंतीने विचारलं. "माझे मालक गेले, तेव्हापन होता?"

"ते कसं सांगू? हा थेंब आजचा आहे. मागचं तो सांगत नाही."

शेवंतीचा चेहरा विझला. म्हणजे तो एक दिवस तसाच राहिला... अधांतरी!

"मी सांगते," मनुबाई एकदम म्हणाल्या. "कान्हा होता ना, तेव्हाच ही बोलायची, आई, डोळ्यांत रेती चुरचुरते. मी बोलले, बोंबील सुकत घालायला नको म्हनून नाटकं. भर उन्हात वाऱ्याच्या तोंडाला बसवली हिला... तो जायच्या आधीचा शिमगा होता, डॉक्टरीनबाई. मना ठाव होतं. पोर गेल्यावर मनाच आठवायचं नव्हतं!" त्यांनी सुनेच्या तोंडावरून हात फिरवला. "माझ्या कान्हासाठी तू रडलीस गो. मी बघितलं नाय."

पाठवणीच्या वेळी शेवंती मांडवाच्या मागच्या खांबाशी उभी राहिली होती. मनुबाईंनी चाचपडत तिचं मनगट धरलं आणि ओढत पुढे आणलं. मालूने "आये!" म्हणून गळ्याला मिठी मारली.

"बघा, अजून कोरडीच," शेजारची रखमाबाई कुजबुजली.

"तिच्या वाटचं मी रडतंय!" म्हातारी सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं गरजली. तिच्या सुरकुतलेल्या गालांवरून पाणी घळाघळा वाहत होतं. "तुना दिसत नाय, रखमे?"

रखमाबाई मागे सरली. शेवंतीचे डोळे निखाऱ्यासारखे जळत होते, पण तिने ते मिटले नाहीत. लेकीचं तोंड तिने डोळे भरून पाहून घेतलं.