एंटर न दाबलेली ओळ

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर पुढे वाचू नका, माझं काही अडलेलं नाही.

आणि रात्रबित्र काही नव्हती. भर दुपार होती. २१ मे १९९७, बुधवार. जागा पुणे, बिबवेवाडी. पिठाच्या गिरणीच्या वर आमचं सॉफ्टवेअरचं ऑफिस होतं. त्या काळात गल्लोगल्ली अशी ऑफिसं निघाली होती, त्यातलंच एक.

माझं नाव दिगंबर. आडनाव विचारू नका.

मांजरीला आमचं एक गिऱ्हाईक होतं. शीतगृह. वजा अठराला मटार ठेवायचे. तिथे दाराच्या आतल्या बाजूला एक टर्मिनल होतं, म्हणजे नुसता पडदा आणि कीबोर्ड. खरा कॉम्प्युटर आमच्या ऑफिसात. मधे टेलिफोनची लाइन. टर्मिनल थंडीनं बिघडू नये म्हणून ते लाकडी पेटीत ठेवलं होतं, आणि पेटीत उबेसाठी बल्ब लावला होता.

मशीनला बल्ब. माणसाला एक स्वेटर, तोही बाहेर खुंटीला.

तो माणूस म्हणजे संभाजी. चाळिशीचा. दर तासाला दोन मिनिटं आत जाऊन तापमान टाइप करायचा. एका बोटानं. चुकला की खोडायचा, परत टाइप करायचा. खाली इंग्रजी अक्षरांत मराठी शेरा लिहायचा. 'साहेब जेवण झालं का.' 'साहेब इकडं लाइट गेली होती.' हे सगळं माझ्या पडद्यावर यायचं. डोकं उठायचं माझं.

आता थोडं तांत्रिक. कंटाळा करू नका, सगळं यातच आहे.

तारेवरून आलेलं अक्षर उचलतो तो ड्रायव्हर. हमाल म्हणा. आलं, मोजलं, वर दिलं. तो आमच्या आमोदनं लिहिला होता. त्याच्या वरच्या थरात बसते ती लाइन डिसिप्लिन. ती माझी. ती अक्षरं साठवते, खोडलेली काढून टाकते, आणि एंटर दाबल्याशिवाय ओळ पुढे सोडत नाही. एंटर नाही, तर वरच्या प्रोग्रॅमच्या लेखी तुम्ही काही लिहिलेलंच नाही.

अजून एक. कंट्रोल-एस दाबलं की पडदा थांबतो. येणारं सगळं मागे तुंबून राहतं. कंट्रोल-क्यू दाबलं की सुटतं. आमच्याकडे पद्धतच होती, जेवायला उठताना कंट्रोल-एस दाबायचं. परत आल्यावर काही निसटलेलं नको.

त्या बुधवारी एक वाजून दहा मिनिटांनी ओळ आली.

'साहेब आतली मूठ निघाली.'

मी वाचली. खोटं कशाला बोलू, वाचली. म्हटलं, झालं याचं सुरू. मूठ निघाली तर सुताराला सांग ना बाबा, मी काय करू?

कंट्रोल-एस दाबलं.

डबा खाल्ला. आमोद रजेवर होता, ऑफिसात मी एकटाच. पंखा लावून आडवा झालो. पुण्यात एक ते चार काय करतात ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

चार वाजता कंट्रोल-क्यू दाबलं.

आणि पडद्यावर… अकरा ओळी एकदम आल्या.

'साहेब दार उघडत नाही.'

'साहेब आज बाहेर कोणी नाही. फोन करा.'

'साहेब आहात का.'

'साहेब आहात का.'

पुढच्या ओळींत अक्षरं चुकली होती. खोडली नव्हती.

मी माझ्या थरात डोकावलो. तिथे एक ओळ अर्धी पडली होती. एंटर नव्हतं.

'हिराला सांगा पायलची शाळा'

एवढंच.

मग शीतगृहाच्या मालकाला फोन केला. त्याच्या माणसांनी जाऊन दार तोडलं. संभाजी पेटीला मिठी मारून बसला होता. बल्ब चालू होता.

चौकशीला माणसं यायच्या आधी मी सगळ्या ओळी पुसल्या. एक वाजून दहाची सुद्धा. अर्धी ओळ कंट्रोल-यू दाबून उडवली, त्यानं चालू ओळ अख्खी जाते. ड्रायव्हरची मोजणी शून्यावर आणली. आणि सांगितलं, ड्रायव्हर अक्षरं गिळत होता, आमच्यापर्यंत काही पोचलंच नाही.

आमोदला काढून टाकलं. जाताना तो म्हणाला, "दिगंबर, मोजणी स्वतः पाहिलीस तू?"

"पाहिली. शून्य."

त्यानं टेबलाचा खण रिकामा केला आणि गेला. मला हायसं वाटलं.

मांजरीचं टर्मिनल काढून ऑफिसात आणून ठेवलं. कोपऱ्यात. ना वायर, ना वीज.

तेराव्या दिवशी, दुपारी, मी डबा उघडला आणि कोपऱ्यातून आवाज आला…

टक.

उंदीर असेल म्हटलं.

टक… टक.

मी माझ्या पडद्याकडे पाहिलं. माझ्या थरात, मांजरीच्या लाइनवर, तीन अक्षरं आली होती. सगळं इंग्रजी अक्षरांतच, इथे आपल्या लिपीत लिहितो.

'हिर'

ड्रायव्हरची मोजणी पाहिली. शून्य. खालून एकही अक्षर आलं नव्हतं. वर ओळ भरत होती. मधे कुठून आली, ते मी, तो कोड लिहिणारा माणूस, आजही सांगू शकत नाही.

मग एक अक्षर चुकलं. आणि माझ्यासमोर… ते खोडलं गेलं. सावकाश. एका बोटानं खोडावं तसं.

मी कंट्रोल-यू दाबलं. ओळ गेली.

दुसऱ्या दिवशी परत. पहिल्यापासून. रोज थोडी पुढे. नवव्या दिवशी पूर्ण झाली.

'हिराला सांगा पायलची शाळा बंद करू नको'

आणि थांबली. एंटरसाठी.

एंटर दाबायला माणूस लागतो, एवढंच मला कळलं. मी दाबलं असतं तर ओळ प्रोग्रॅमकडे गेली असती, नोंद झाली असती, त्या अपघातानंतर आमच्या मालकानं केबिनमध्ये बसवलेल्या प्रिंटरवर छापली गेली असती. मग कोणीतरी विचारलं असतं, हे कधी आलं, बाकीचं कुठंय? मी रोज कंट्रोल-यू दाबत होतो. जेवण जात नव्हतं, पण नोकरी शाबूत होती.

जूनमध्ये हिरा आली. संभाजीची बायको. बरोबर मुलगी, पायल, आठवीत गेलेली.

हिरा खुर्चीवर बसेना. उभ्यानंच म्हणाली, "सायेब, त्यांनी जाताना काय निरोप धाडला व्हता का?"

"नाही हो, बाई. लाइन बंद होती."

"सासरे म्हंत्यात पोरीची शाळा सोडवा, लगीन उरकून टाका. ह्यांचं मन काय व्हतं ते कळलं असतं, तर मी कुनाचं आयकलं नसतं. तेवढ्यासाठी आले."

कोपऱ्यात टक झालं.

त्या दिवशी ते सावकाश नव्हतं. एकही चूक नाही. अक्षरं भराभर येत गेली…

हिराला लिहितावाचता येत नव्हतं. पण पायल पडद्यासमोर उभी होती. तिला इंग्रजी अक्षरं येत होती. ओठ हलवत तिनं वाचायला सुरुवात केली.

"हि… राला… सांगा… पायलची…"

मी कंट्रोल-यू दाबलं.

पडदा कोरा झाला. पायल माझ्याकडे बघत राहिली.

"सर, तिथं माझं नाव होतं."

"मशीन बिघडलंय," मी म्हटलं. "काहीही अक्षरं येतात."

"आईचं पण होतं."

"चल बाळ," हिरा म्हणाली. "सायबास्नी कामं असत्यात."

त्या दिवसापासून आवाज बंद झाला. एकही अक्षर आलं नाही. तुम्हाला वाटेल सुटलो. मी वर्षभर रोज दुपारी तो थर उघडून बघत होतो. रिकामा. मला ते जास्त असह्य होत होतं.

पुढच्या मे महिन्यात पायलचं लग्न झालं. हिरानं मला पत्रिका पाठवली होती. का पाठवली, देव जाणे. आणि मी गेलो. का गेलो, तेही विचारू नका.

मांजरीला उसाच्या कडेला मांडव होता. पायलचं पंधरावं सरलं नव्हतं. मुंडावळ्या तिच्या डोळ्यांवर येत होत्या. मी अक्षता टाकून निघालो, तर तिनं बोलावून घेतलं. हळू आवाजात, आईला ऐकू जाणार नाही असं विचारलं.

"सर, माझ्या नावापुढं काय लिहिलं होतं?"

मला सांगता आलं असतं. चार शब्द होते.

"आठवत नाही गं," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. फोटोवाल्यानं हाक मारली, तशी ती नवऱ्याशेजारी जाऊन उभी राहिली.